गुऱ्हाळाच्या धुराड्यास लेप कोणता?

चुलाणाचे धुराडे गंजू नये म्हणून पुष्कळ बागाइतदार चकचकीत जस्ती पत्रा पसंत करतात. ही निवड आम्हांस सर्वस्वी गैर वाटते. पाण्यापासून लोखंडाचे रक्षण जस्त उत्तम करते. परंतु सुमारे 200 अंश सेंटिग्रेडपुढे सतत उष्णता लागल्यास त्याचा लेप सुटू लागतो, आणि 419 अंशांस तर जस्तच वितळते. धुराड्याच्या बुडाशी धूर पुष्कळदा याहूनही तप्त असतो! तेथे ॲल्युमिनियमचा लेप दिलेला पोलादी पत्रा घ्यावा. त्यावर आपोआप धरणारा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आतील धातूस राखतो. किंमत अधिक पडते, हे खरे. जुन्या पत्र्यास ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला उष्णतासह सिलिकॉन रंग चालेल. मात्र गंज मुळापर्यंत खरवडल्यावाचून तो लावणे व्यर्थ होय. जस्ती पत्रा छपरास खुशाल घालावा.