युनिटचा खरा हिशेब द्या!

भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये भर पाळीत लाइट जाते. सीएनसीवर चढलेला जॉब अर्ध्या कापात थांबतो, टूल तुटते, जॉब स्क्रॅपमध्ये जातो. मालक जनरेटरकडे धावतो. लिटरभर डिझेलमधून निघतात जेमतेम तीन-साडेतीन युनिट. लिटरला ९० रुपये धरले, तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटला २५ रुपयांच्या पुढे! आणि चाकणच्या बड्या कंपन्या या माणसाच्या मालाचा भाव पैशापैशाने घासून घेतात.

उलट राजस्थानातील भडला येथे २०१७ मध्येच सौरविजेची बोली २ रुपये ४४ पैशांवर उतरली. महाराष्ट्रात शेतीसाठी होणाऱ्या सौर करारांचा दरही तीन रुपयांच्या आसपास आहे. मग उद्योगाच्या बिलात युनिट इतके महाग का? ‘वहन आकार’, ‘मागणी आकार’, ‘इंधन समायोजन आकार’ असे रकाने छापले म्हणजे उत्तर दिले असे होत नाही.

सौर स्वस्त, कोळसा महाग, ही घोषणाही अपुरीच. तिसऱ्या पाळीला सूर्य नसतो. तेव्हा चंद्रपूरचा कोळसा जळतो, कोयनेचे पाणी धावते. मागणी कमी असताना पाणी वर चढवून मागणी वाढल्यावर वीज देणारा घाटघरसारखा प्रकल्प २५० मेगावॅटचा. असे आणखी हवेत आणि त्यांचा खर्च सौरविजेच्या दरात धरलाच पाहिजे. दुपारी बाराचे युनिट आणि रात्री अकराचे युनिट एकाच तागडीत घालणारी तुलना खोटी आहे.

खोट्या तुलनेची किंमत या राज्याने दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी करारात मोजली आहे. कागदावर दोन-अडीच रुपयांचे युनिट. प्रत्यक्षात महागडा नाफ्था, डॉलरशी बांधलेले देणे आणि वीज घ्या वा न घ्या, भरावाच लागणारा स्थिर आकार. दर सात रुपयांच्या वर गेला आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने या कराराचे आकडे आधीच मांडले होते. ते ऐकले कोणी?

आज आकड्यांकडे तसेच दुर्लक्ष पुन्हा नको; आणि वीज घेण्याच्या हक्कातला भेदभावही नको. २००३ च्या वीज कायद्याने बाहेरून वीज घेण्याची वाट एक मेगावॅटवाल्यांना खुली केली. २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. पंचवीस-तीस अश्वशक्तीच्या शेडवाल्याच्या हाती काय आले? काही नाही! मोठ्यांनी स्वस्त वीज न्यावी आणि राहिलेल्यांनी बंद संचांचे स्थिर आकारही भरावेत, ही लूट आहे.

वीज नियामक आयोगाने दोन आदेश काढावेत. महावितरणने कोणत्या स्रोताची वीज, कोणत्या वेळी, किती रुपयांना घेतली, हे दर महिन्याच्या बिलावर मराठीत छापावे. आणि एका औद्योगिक वसाहतीतील लहान उद्योजकांना आपला भार एकत्र करून हरित वीज घेण्याची मुभा द्यावी. भोसरी, पिंपरी, चाकणच्या उद्योजकांनो, दरवाढीच्या पुढच्या जनसुनावणीला बिले हातात घेऊन या आणि हा हिशेब मागा.