तुंगूस कीं एवेंकी?
सन 1908 च्या जूनमध्यें सैबेरियाच्या अरण्यावर आकाशांत प्रचंड स्फोट झाला, तेव्हांपासून 'तुंगुस्का' नदीचें नांव जगाच्या परिचयाचें झालें. तें तेथील तुंगूस लोकांवरून पडलें. मौज अशी कीं, हे लोक स्वतःस तुंगूस म्हणवीत नाहींत. ते म्हणतात 'एवेंकी'. सतराव्या शतकांत रशियनांनीं शेजारच्या जमातींकडून ऐकलेलें नांव तसेंच उचललें. कित्येकांनीं तें तुर्की भाषांतील डुकराच्या नांवाशीं जोडलें. पण हे लोक तर रेनडियर पाळणारे! ती व्युत्पत्ति सर्वमान्य नाहीं. पुढें 1930 च्या सुमारास सरकारदप्तरींही 'एवेंकी' हेंच नांव रूढ झालें.

यांची भाषा म्हणजे 1644 पासून 1912 पर्यंत चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या भाषेची चुलतबहीण. 'शमन' हा सर्वत्र गेलेला शब्द तिचाच. कांहीं पंडित त्याचें मूळ आपल्या 'श्रमण' शब्दांत पाहतात. परंतु 2010 च्या रशियन शिरगणतींत सुमारे 38 हजार एवेंकींपैकीं 5 हजारांहूनही कमी लोकांस ही भाषा येत होती.

नांव दप्तरांतून परत मिळतें. भाषा मात्र घरांतल्या वडील माणसांच्या तोंडूनच मुलांस मिळावयाची.