तालमीची जागा

शाळेच्या स्नेहसंमेलनात चमकलेल्या मुलाला थेट मालिकेच्या सेटवर नेणारी वाट आज इतकी रुळली आहे, की मधली तालमीची वर्षे म्हणजे निव्वळ दिरंगाई वाटावी. पण रंगभूमीची माणसे पडद्याने उचलून नेण्याची ही काही पहिली वेळ नव्हे.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले ते राजाश्रयाच्या बळावर. नट घडवण्याची रीत नंतर बसली. बेळगावात शिक्षक असलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल पुढे गुरूंच्याच नाटक मंडळीत तालीममास्तर झाले, आणि १९०५मध्ये सतरा वर्षांचे नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, त्या मंडळीत आले तेव्हा पदे घोटणे, विंगेतून रोजचा प्रयोग पाहणे आणि वडीलधाऱ्या नटांच्या पंगतीत बसणे हाच अभ्यासक्रम होता. या विद्येची किंमत जबर होती: अक्षरशिक्षण सुटे आणि घरच्यांचा रोष ओढवे. तरीही बालगंधर्व घडले ते त्याच बिऱ्हाडात.

पुढे बोलपट आला. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे राजा झाले, १९३५च्या 'धर्मात्मा'त खुद्द बालगंधर्व एकनाथ. ते लवकरच रंगभूमीवर परतले, पण मंडळ्यांचा काळ परतला नाही. दोष सगळा बोलपटाचा नव्हता. कर्ज, डोळे दिपवणारे नेपथ्य आणि एकाच नटावर तोललेला डोलारा यांनी घर आधीच पोखरले होते. मात्र मंडळ्यांबरोबर नट शिकण्याची एकमेव जागाही गेली, आणि चित्रपटगृहात रमलेल्या समाजाला ते जाणवायला बराच काळ लागला.

ती जागा भरली शाळा-महाविद्यालयांनी आणि हौशी संस्थांनी. १९५४पासून राज्य नाट्यस्पर्धा, १९६३पासून पुण्यात महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा. पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे १९७२मध्ये 'घाशीराम कोतवाल'पर्यंत पोहोचले, आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारद श्रीराम लागू १९७०मध्ये 'नटसम्राट' झाले. दादरच्या छबिलदास शाळेत शिकवता शिकवता मुलांची नाटके बसवणाऱ्या सुलभा देशपांडे यांनी तर दोन्ही टोके एका आयुष्यात जोडली: 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची बेणारे त्यांनी रंगमंचावर आणि पडद्यावरही केली, आणि १९७४मध्ये 'आविष्कार' नाट्यसंस्थेची प्रायोगिक चळवळ रुजली ती त्याच शाळेच्या सभागृहात. पडद्यालाही त्याचे फळ मिळाले. १९७५च्या 'सामना'त पटेलांच्या दिग्दर्शनाखाली लागूंसमोर उभे ठाकलेले निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले होते.

आज पडदे अनेक झाले आणि त्यांची भूक अखंड आहे. मालिकेचा रोजचा भाग नटाकडे चेहरा आणि पाठांतर मागतो. चुकण्याची मुभा देत नाही, आणि नट तर चुकतचुकतच शिकतो. दुसरीकडे पुष्कळ शाळांच्या संमेलनात ध्वनिमुद्रित गाण्यांवरच्या नाचांनी नाटकाची वेळ खाल्ली आहे; मंडळ्यांमागोमाग आता ही दुसरी जागाही आकसते आहे. वाहिन्या आणि निर्माते एकांकिका स्पर्धांच्या अंतिम फेरीत नट हेरायला हजर असतात. प्राथमिक फेरीच्या खर्चाचा, तालमीला हवी असलेल्या खोलीच्या भाड्याचा, मुलांना नाटक शिकवणाऱ्या शिक्षकाच्या मानधनाचा वाटा त्यांनी उचलणे हा धर्मादाय नव्हे. उद्याचा नट त्यांनाही तिथूनच मिळायचा आहे.