आधी विचारा, मग शिकवा

आमच्या भागातील एका शाळेत मध्यंतरी 'इंटरनेट आणि खासगीपणा' या विषयावर व्याख्यान झाले. ओटीपी कुणाला सांगू नका, पासवर्ड मित्रालाही देऊ नका, अनोळखी माणसाला पत्ता कळवू नका! मुलांनी माना डोलावल्या. संध्याकाळी त्याच मुलांचे फोटो, गणवेशावरील शाळेच्या नावासकट, फेसबुकवर झळकले. मुलांना कुणी विचारले होते? कुणीही नाही. याला शिक्षण म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा. मी म्हणणार नाही.

अर्थात मीही धुतल्या तांदळासारखा नाही. गेल्या दिवाळीत नातीचा लहानपणचा, तेल माखून रडतानाचा फोटो मी कौतुकाने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर धाडला. तिथून तो फिरत फिरत तिच्या वर्गात पोचला. बारा वर्षांची पोर दोन दिवस शाळेत गेली नाही. मला एवढेच म्हणाली, "आजोबा, मला विचारायचं तरी होतंत!" मी फोटो पुसला, पण माझ्या फोनमधून. इतरांच्या फोनमधून तो कसा पुसणार?

"लहान मुलांना कसला आलाय खासगीपणा?" असे म्हणणारी मंडळी घरोघरी आहेत. त्यांना सांगतो : २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. राज्यघटनेच्या २१ व्या कलमात 'व्यक्ती' म्हटले आहे, 'सज्ञान व्यक्ती' नव्हे! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी, असे घालून दिले. किल्ली आपल्या हाती दिली आहे. आपणच दार सताड उघडे टाकले तर चोराला काय बोल लावावा?

मग मुलांच्या फोनवर नजर ठेवू नये काय? जरूर ठेवावी, पण त्यांना सांगून ठेवावी. चोरून फोन तपासणारा बाप मुलाला सावधपणा शिकवत नाही, लपवाछपवी शिकवतो. ज्या मुलाला घरात 'नको' म्हणण्याची मुभा नाही, ते अनोळखी माणसाला 'नको' कोणत्या बळावर म्हणणार?

तेव्हा व्याख्याने पुढे पाहू. यंदा किल्ल्याजवळचा फोटो धाडण्यापूर्वी मी नातीला विचारणार आहे. 'नको' म्हणाली तर नुसत्या मावळ्यांचा धाडीन. त्यांची हरकत असल्याचे अद्याप कानावर नाही.