उघड्या टपाची जीप आणि कोऱ्या फॉर्मवरची सही



घरातली जुनी वस्तू विकायला काढली की तिचा भाव आपण ठरवत नाही, दारात आलेला माणूस ठरवतो. भांडे असो, दागिना असो की मोटार असो, आपला कष्टकरी माणूस "काय द्यायचे ते द्या" म्हणून मोकळा होतो आणि मग वर्षभर हळहळत बसतो. या आठवड्यात आम्ही अशाच एका वस्तूविषयी लिहिणार आहोत. कापडी टपाची, म्हणजे वरचे हूड काढून उघडी करता येणारी जुनी गाडी विकताना काय पाहावे, काय जपावे आणि सही कुठे करू नये, हा आजचा विषय.

कुणी म्हणेल, असल्या हौशी मोटारी आपल्या समाजात कुणाकडे आहेत? राजेमहाराजांच्या मोटारी नसतील, पण जीप आहे. पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या वस्त्यांत फिरा. एखाद्या घरामागे ताडपत्री टाकून ठेवलेली जीप अजून दिसेल. वर्षभर ती कोंबड्यांच्या उपयोगाची आणि १४ एप्रिलला मात्र बाबासाहेबांची प्रतिमा, निळा झेंडा आणि पंचशील ध्वज घेऊन सर्वांत पुढे! टप काढता येतो म्हणूनच तर मिरवणुकीला तिचा मान.

या गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्धानंतर मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्याने या गाड्या आपल्याकडे जोडायला आणि पुढे बनवायला घेतल्या. उंच बॉनेटची, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येणारी जी जीप आपल्या डोळ्यांसमोर येते, ती या घराण्यातली. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि नंतर बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. कच्च्या रस्त्यांच्या त्या काळात अशा गाडीला फार मागणी असे. त्या वेळी नोंदलेल्या गाडीने आज पन्नाशी ओलांडली आहे. हे पन्नास वर्षांचे गणित लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्या समाजाच्या मनात वाहनाला एक वेगळी जागा आहे. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांकडे गोरेगावला जायचे होते, पण मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे दिले, तेव्हा मुलांनी बैलगाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. पुढे १९२९ साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब चाळीसगावला गेले, तेव्हाही टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने मिळवला आणि न सरावलेल्या हातांनी हाकला. तो मोरीवर आदळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांना भाड्याच्या टांग्यात बसू दिले नाही, त्यांची नातवंडे स्वतःच्या जीपवर त्याच महामानवाची प्रतिमा ठेवून गावातून जातात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे डोळे का भरून येतात ते नव्या पिढीला सांगावे लागते. म्हणूनच अशी गाडी विकायची वेळ आली की घरात आणि वस्तीत वाद होतो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात असेच झाले. घरचे कर्ते पुरुष तारापूरकडील कामांवर ड्रायव्हर होते. पुढे त्यांनी १९६८ सालची नोंद असलेली एक पेट्रोल जीप जुनी म्हणून विकत घेतली आणि मरेपर्यंत पोटच्या पोरासारखी सांभाळली. ते कालकथित होऊन दोन वर्षे झाली. मागे वहिनी आणि दोन मुले, दोघेही ठेकेदाराकडे पाळीवर. नात बारावी झाली. तिला नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळत होता, पण फीचा मेळ बसेना. अशा वेळी एक दलाल आला. भंगाराच्या भावाने आकडा सांगितला, थोडे पैसे हातावर ठेवले आणि फॉर्म पुढे केले. फॉर्म कोरे होते. "मावशी, फक्त अंगठ्याजवळ सही करा, बाकी मी भरतो," असे त्याचे म्हणणे.

वहिनींनी आम्हांला बोलावले. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कचेरीत काम करता, हे कागद बघा. पोरांना वेळ नाही आणि मला कळत नाही."

आम्ही म्हणालो, "वहिनी, कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि गाडी तर अजून तुमच्या नावावर झालेलीच नाही, मग तुम्ही विकणार कशी?"

येथेच पहिली गोष्ट येते. मालक वारला की गाडी आपोआप बायकोमुलांच्या नावावर होत नाही. मृत्यूनंतर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नावे बदल मागायचा, असा नियम आहे. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, आर.सी. बुक आणि विमा लागतो. उशीर झाला तर दंड भरून काम होते, पण ते टाळता येत नाही. लिलावात घेतलेल्या गाडीसाठी ३२ नंबरचा वेगळा फॉर्म असतो. तेव्हा आधी वारसाचे नाव आणि मग गिऱ्हाइकाचे.

दुसरी गोष्ट विक्रीची. विकणाऱ्याने २९ नंबरचा फॉर्म भरून कळवायचे असते आणि नाव चढवण्याचा अर्ज ३० नंबरच्या फॉर्मवर होतो. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आपल्याकडे मात्र पैसे घेतले, किल्ली दिली की व्यवहार झाला असे मानतात. हे फार महागात पडते. एक खटला सांगतो. एका माणसाने २००७ साली गाडी विकली. ती पुढे हातोहात फिरली, पण आर.सी. बुकावर नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या गाडीने अपघात होऊन एक मूल दगावले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कागदावर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, नुकसानभरपाईही त्यानेच द्यायची. गाडी दहा वर्षांपूर्वी विकली हे सांगून सुटका झाली नाही. पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरावर असा बोजा पडला तर ते घर उभे राहील काय?

तिसरी गोष्ट गाडीच्या मूळपणाची. आपण ज्याला "जुनाट" म्हणतो, त्याला जाणकार गिऱ्हाईक "ओरिजिनल" म्हणतो आणि त्याचेच पैसे मोजतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. अट एवढीच की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्याने नोंद करायची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. ज्या गाडीला आधीचा नंबर आहे तिला तो जुना नंबर ठेवता येतो. विकली तर घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने ९० दिवसांत कळवायचे. मात्र अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा आपण विकणारच असू, तर ही नोंद करायची की नाही ते घेणाऱ्यावर सोडावे. फी आपल्या खिशातून घालण्याची घाई करू नये.

आता आपल्या जीपचे मूळ काय उरले आहे ते कसे पाहावे? आर.सी. बुक हातात घ्या. चेसिसवर ठोकलेला नंबर आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर कापडाने पुसून कागदाशी ताडून पाहा. पेट्रोल परवडत नाही म्हणून पुष्कळांनी जीपला डिझेल इंजिन बसवून घेतले. तसे असेल तर मूळ इंजिन गेले, हे सरळ मान्य करावे आणि तो बदल आर.सी. बुकावर चढवला आहे का तेही पाहावे. मग गाडीखाली वाकून बघा. आपला भाग समुद्राकाठचा. खारी हवा सातपाटी-केळव्यापासून नवापूर-तारापूरपर्यंत सगळीकडे लोखंड खाते. फरशीचा पत्रा आणि चेसिसला पाटे जोडतात ती जागा आधी सडते. हुडाच्या लोखंडी कमानी, काचेची चौकट, जुने दिवे, स्टिअरिंगचे चाक, जॅक, जे जे काढून माळ्यावर टाकले असेल ते एका पेटीत गोळा करा. दलालाच्या दृष्टीने हे भंगार असेल, पण शोधणाऱ्याला ते बाजारात सहजी मिळत नाही.

वहिनींच्या जीपचे दोन्ही नंबर कागदाशी जुळले. इंजिन मूळचेच होते. फरशीचा पत्रा बदललेला, दिवे नवे आणि हुडाचे कापड तर केव्हाच गेलेले. धाकटा मुलगा म्हणाला, "काका, विकण्याआधी चकचकीत रंग मारून घेऊ, पत्र्याची भोके पुटीने बुजवू, चांगला भाव येईल." आम्ही त्याला थांबवले. एक तर जुना रंग झाकला की जाणकाराला संशय येतो. आणि दुसरे कारण त्याहून मोठे. विहारात आपण पंचशील घेतो, त्यातले चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. ती फक्त दुकानदाराला लागू नाही, घरची गाडी विकणाऱ्यालाही लागू आहे. म्हणून आम्ही दोन रकान्यांचा एक कागद केला. एका बाजूला मूळचे काय आहे आणि दुसऱ्या बाजूला बदललेले व सडलेले काय आहे. फोटो काढले. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तोच कागद दिला. खरे लिहिलेला कागद पाहून एकजण निघून गेला, पण दोघे थांबले. किती पैसे आले, तो आकडा दुसऱ्याच्या घरचा म्हणून आम्ही छापत नाही. दलालाच्या भावाच्या तो कितीतरी पट होता, एवढे पुरे. पैसे बँकेतून घेतले. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१७ पासून कायद्याने मनाईच आहे. नाव बदलल्याची नोंद दिसल्यावरच जुना विषय मिटला असे धरले. दलालाचे विसाराचे पैसे त्याला परत दिले आणि कोरे फॉर्म फाडले.

पण खरा वाद पुढेच होता. वस्तीतील काही कार्यकर्ते रागावले. "बाबासाहेबांचा रथ विकला!" असे बोलू लागले. या बंधूंना आम्ही आदराने विचारतो, गेली दोन वर्षे ती जीप गंजत होती तेव्हा बॅटरीचे पैसे कुणी दिले? विम्याचा हप्ता कुणी भरला? कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार आजही दसऱ्याला दिमाखाने बाहेर येते, आम्हांलाही ती पाहून आनंद होतो. पण तिच्यामागे राजवाडा आहे. चाळीतल्या विधवेने आपल्या नातीची फी थांबवून मिरवणुकीची शोभा सांभाळावी, असे म्हणायला आपल्याला काय अधिकार? मंडळाला गाडी हवीच असेल तर वर्गणी करून योग्य भावाने विकत घ्यावी, नावावर करावी, विमा काढावा. भावना आपल्या आणि खर्च दुसऱ्याचा, हा न्याय नव्हे.

आणि ज्या महामानवाला गाडीवाल्यांनी नाकारले, त्यांनी त्यावर उत्तर म्हणून स्वतःचा टांगा घेतला नाही. ते शिकले, आणि आपल्याला शिका म्हणाले. आता आपली एक मुलगी परिचारिका होऊन कुणाच्याही जातीचा विचार न करता रोग्याच्या उशाशी उभी राहील. त्या मिरवणुकीत आम्हांला फार मोठा रथ दिसतो.

तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, घरामागे ताडपत्रीखाली काही असेल तर या रविवारी ताडपत्री उचला. नंबर ताडून पाहा, आर.सी. बुक शोधा, नाव कुणाचे आहे ते वाचा. ठेवायचे की विकायचे हा निर्णय तुमचा. पण कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, आणि वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला जवळ बसवून वाचून घ्या. ती त्याचसाठी शिकली आहे.

जयभीम!