फॉर्म भरायच्या आधी जाहिरात वाचा

जून-जुलै आला की इगतपुरी-घोटीकडच्या घरांत दोन कामं एकदम येऊन पडतात. शेतात भाताची आवणी आणि पोरांच्या डोक्यात अ‍ॅडमिशन. या दिवसांत माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. परवा आलेला मुलगा गोंद्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळी संपवून तसाच आला होता, डोळे लाल, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत बी.ए.ची मार्कशीटं पावसापासून जपून गुंडाळलेली. म्हणाला, "सर, कोणताही विषय चालेल, पण मास्टर्स करायचंय. पुढे सरकायचंय."

त्याला जे सांगितलं तेच तुम्हा सगळ्यांना सांगतो. मास्टर्स जरूर करा, पण 'कोणताही विषय चालेल' म्हणून करू नका.

आपल्या गावात लहान पोरालाही बँकर म्हणजे काय ते ठाऊक असतं. थळ घाटात दर 37 फुटांना एक फूट चढ, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात आणि इगतपुरीला आल्यावर ती सोडवतात. पुढच्या सपाटीवर त्यांची गरज नसते. मास्टर्स हेही असंच जादा इंजिन. तुमच्या नोकरीच्या वाटेत असा घाट आहे का, हे आधी बघा. त्यासाठी मला एकच उपाय माहीत आहे. पाच वर्षांनी ज्या खुर्चीत बसायचंय, त्या पदाची मागची जाहिरात मिळवा आणि त्यातला शैक्षणिक पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा.

एमपीएससीची राज्यसेवा द्यायची असेल तर कोणतीही पदवी पुरते. त्यासाठी एम.ए.त दोन वर्षं घालवू नका, ती अभ्यासाला द्या. रेल्वेत असाल तर वरची जागा बहुतेक वेळा सेवेची वर्षं आणि खात्यांतर्गत परीक्षा यांवर मिळते. बँकेत जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा आधी उपयोगी पडतात. पण ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं असेल तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतंच, तिथं पळवाट नाही. मोठ्या कारखान्यांना कायद्यानं कामगार कल्याण अधिकारी नेमावा लागतो, आणि त्या जागेसाठी समाजकार्याचं किंवा कामगारविषयक शिक्षण बघतात. गोंद्याचा तो मुलगा युनियनच्या मीटिंगांत सगळ्यांची गाऱ्हाणी लिहून घेतो, म्हणून त्याला म्हटलं, तुझा विषय तुझ्या हातातच आहे, एम.एस.डब्ल्यू.ची चौकशी कर.

नोकरी सोडायची गरज आहेच असं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली आपल्याच नाशकात सुरू झालं, ते नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. रीतसर मान्यता असलेल्या दूरस्थ शिक्षणक्रमाची पदवी नियमित पदवीइतकीच धरावी, असं यूजीसीनं स्पष्ट केलेलं आहे. त्यामुळे 'बाहेरून केलंय' म्हणून मान खाली घालू नका. मात्र विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि तुमचा शिक्षणक्रम दूरस्थ पद्धतीनं चालवायची मान्यता असणं वेगळं. ही मान्यता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या-त्या वर्षासाठी बघता येते. फी भरायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एजंटाच्या मोबाइलवर नव्हे. मानसशास्त्राचंच घ्या. 2025च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून ते दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीनं बंदी घातली आहे. 'एका वर्षात, घरबसल्या, परीक्षेची काळजी नको' असं कुणी म्हणालं, तर त्याला तिथंच हात जोडा. तीन वर्षांच्या पदवीनंतर मास्टर्सला दोन वर्षं लागतात. चार वर्षांची पदवी असेल तरच एक.

सरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधी खात्याची लेखी परवानगी घ्या. पुढे सेवापुस्तकात नोंद करायच्या वेळी हाच कागद मागतात.

आणि टक्के. हे मी पोटतिडकीनं सांगतो, कारण मी स्वतः त्यात अडकलो. शिक्षकाची नोकरी करत एम.ए. केलं, शेवटच्या वर्षी 'पास झालं म्हणजे झालं' म्हणत दोन पेपर वरवर वाचून दिले आणि 53 टक्क्यांवर थांबलो. नेट-सेटला खुल्या वर्गासाठी 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 50. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं माझं तिथंच राहिलं. ज्युनिअर कॉलेजात आयुष्य चांगलं गेलं, पण ते दोन टक्के अजून आठवतात. तुम्ही पहिल्या सत्रापासून टक्के सांभाळा.

वेळ कुठून आणायचा, हे सगळेच विचारतात. पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबई करणाऱ्यांत पास काढून पुस्तक वाचणारे मी पाहिलेत. डब्यात गोंगाट नको म्हणून त्या गाडीत आदर्श डबाच केलेला आहे. पण ज्या बाईला पहाटे पाण्यापासून रात्री भांड्यांपर्यंत उसंत नाही, तिला वेळ घरच्यांनी काढून द्यावा लागतो. माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर नऊ वर्षांनी एम.ए.ला बसली. तिची सासू रोज संध्याकाळी सात ते नऊ नातवाला घेऊन शेजारच्या ओटीवर जाऊन बसायची. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत कंबर मोडलेली असतानाही त्या माउलीनं ते चुकवलं नाही. घरातल्या सुनेनं, बायकोनं पुढे शिकावं असं खरंच वाटत असेल, तर कौतुक नंतर करा, आधी असे दोन तास द्या.

गोंद्याच्या मुलाला मी रविवारी परत बोलावलंय, जाहिरात घेऊन. तुम्हीही आणा, बसून वाचू. आणि प्रवेशाची शेवटची तारीख आत्ताच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवा. आवणीच्या चिखलात ती दरवर्षी कुणाची तरी निघून जाते.