काचपट्टीचा निवाडा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वसूचना देणारी पॅप चाचणी वरकरणी साधी आहे. गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर पसरून रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. रक्तातील साखरेचा आकडा यंत्र देते. येथे निवाडा माणसाचा डोळा देतो. हजारो पेशींमध्ये सदोष पेशी मोजक्याच असू शकतात. तेव्हा प्रश्न असा की, तीच काचपट्टी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली, तर उत्तर तेच येईल काय?

'नेहमीच नाही' हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या तपासणीत संदिग्ध ठरलेल्या १,४७३ नमुन्यांपैकी अवघ्या ४३ टक्क्यांबाबत दुसऱ्या तज्ज्ञांचे मत पहिल्याशी जुळले. हे तज्ज्ञ काही नवशिके नव्हते. सीमारेषेवरील पेशींचा अर्थ लावताना मतभेद व्हायचेच. ही मानवी मर्यादा आहे. तिच्यासाठी कोणास दोषी धरता येणार नाही.

परंतु या मर्यादेच्या आडोशाने जेव्हा हयगय वावरते, तेव्हा प्रश्न व्यवस्थेचा होतो. १९८७ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकाने अमेरिकेतील काही प्रयोगशाळांचा कारभार चव्हाट्यावर आणला. तेथे तपासनिसांना काचपट्टीमागे मोबदला मिळे आणि कामाचा बोजा अवास्तव असे. नगावर मजुरी दिली की नग वाढतात, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. मात्र चिरलेले मडके गिऱ्हाईक परत तरी आणते. काचपट्टी वाचण्यातील चूक ध्यानात येईपर्यंत त्या स्त्रीच्या आयुष्यातील मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. ग्राहकाला मालाची प्रत पारखता येत नसेल, तर स्पर्धा केवळ किमतीची होते.

हा दोष निव्वळ नफेखोरीचा, असे मात्र समजू नये. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील केंट अँड कँटरबरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत १९९० ते १९९५ या काळात तपासलेल्या सुमारे ९१ हजार नमुन्यांची फेरतपासणी करावी लागली. थोडक्यात, मालकी कोणाचीही असो, देखरेख नसेल तर दर्जा ढासळतो.

यावर उपाय आहेत. अहवालांची परिभाषा सर्वत्र एक असावी, म्हणून १९८८ मध्ये बेथेस्डा पद्धती आखली गेली. त्याच वर्षीच्या अमेरिकी कायद्याखालील नियमांनी तपासनिसाला दिवसाला १०० काचपट्ट्यांची कमाल मर्यादा घातली आणि निर्दोष ठरलेल्यांपैकी किमान १० टक्के पुन्हा पाहणे बंधनकारक केले.

विषाणू शोधणाऱ्या एचपीव्ही चाचणीमुळे हा वाद निकालात निघाला, असे काहींना वाटेल. ते अंशतः खरे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, तुलना केलेल्या तीन चाचण्यांपैकी याच चाचणीने मृत्यूंत लक्षणीय घट झाली. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून तिला अग्रक्रम देते. तथापि विषाणू आढळल्यावर पुढील निर्णयासाठी अनेक ठिकाणी पुन्हा पेशीच पाहिल्या जातात. डोळ्याची गरज संपलेली नाही.

आपल्याकडे वाण्याच्या तराजूवर सरकारी शिक्का लागतो. प्रयोगशाळांचे मानांकन मात्र सर्वसाधारणपणे ऐच्छिक आहे. किती काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या आणि किती निर्णय बदलले, एवढे तरी प्रत्येक प्रयोगशाळेने दरवर्षी जाहीर करावे. 'निर्दोष' हा शब्द म्हणजे हमीपत्र नव्हे, हेही स्त्रियांना स्पष्ट सांगावे. मतभेद नाहीसे करता येणार नाहीत. पण ते मोजण्याचे टाळणे अक्षम्य आहे.